खुंट्या बदलाव्यात की घोडी?

बेल्लमपल्लीला बहिणीकडे गेलो की पहिल्याच संध्याकाळी भाचा त्याची बेस गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवतो. गेल्या मे महिन्यात मात्र त्यानं गिटारीच्या आधी मोबाइल पुढे केला. पडद्यावर चकचकीत खुंट्यांचा संच होता आणि पितळेचा जाडजूड ब्रिज. "मामा, एवढं टाकलं की काम झालं. दोन गाणी झाली की उतरतोय हा बेस." दोन्हींची किंमत जोडली, तर ज्या पैशांत त्यानं अख्खा बेस घेतला होता त्याच्या निम्म्याहून जास्त होत होती.

बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींभोवती वाढलेलं, बल्लारशाह–काझीपेठ लोहमार्गावरचं तेलंगणातलं गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून मंचिर्याल जिल्ह्यात आहे. या पट्ट्यात मराठी परकी नाही. राजुरा आणि किनवट हे आपले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरल्या आहेत. भाचा तिथल्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. गणपती, बतुकम्मा, लग्नाचे मांडव, वर्षभर काही ना काही चालू असतं. सुटे भाग हवे तर हैदराबाद, नागपूर, नाहीतर टपालानं मागवायचे. चुकीचा भाग आला तर परत पाठवण्यात आठवडा जातो आणि तेवढ्यात कार्यक्रमाची तारीख येऊन ठेपते.

मी चंद्रपुरात नोकरी सांभाळून वाद्यांची दुरुस्ती करतो. स्वस्तातला बेस घेतलेली तरुण मुलं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं: नव्या खुंट्या, नवा ब्रिज. त्यांच्या कष्टाचे पैसे योग्य जागी लागावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

तारेला दोन टोकं असतात. एक खुंटीला गुंडाळलेलं, दुसरं घोडीवरून पुढे जाऊन अडकवलेलं. गिटारवाले घोडीला ब्रिज म्हणतात, एवढाच फरक. ही दोन टोकं काय करतात हे समजून घ्यायचं असेल, तर आपल्या माणसानं आधी मिरजेला जावं. मिरजेचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून या घराण्यानं हात तंतुवाद्यांकडे वळवला. सोलापूर जिल्ह्यातल्या बेगमपूर भागातले भोपळे, वाळवलेलं लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कान यांवर तिथली सतार आणि तंबोरा उभे राहिले. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याची खुंटी म्हणजे निमुळता लाकडी दांडा. तो भोकात दाबून बसतो आणि निव्वळ घर्षणावर तारेचा ताण पेलतो. सैल झाला की खडू घासायचा. बारीक फरकासाठी तारेत मणी ओवलेला असतो, तो सरकवायचा. घोडीचा माथा थोडा उतरता घासून जवारी लावतात आणि ते कसब वेगळं मानलं जातं. एकाच तंबोऱ्याची जवारी एका हातानं लावली तर स्वर भरून येतो, दुसऱ्या हातानं बिघडली तर तोच तंबोरा बोलत नाही. म्हणजे खुंटी सूर धरून ठेवते आणि घोडी त्या सुराला आकार देते. बेस गिटारीत ही कामं थोडी वेगळ्या रीतीनं वाटली गेली आहेत, आणि बहुतेक गैरसमज तिथेच होतात.

बेस म्हणजे वाद्यवृंदातला खर्ज. चार तारांपैकी सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, पुढच्या ५५, ७३ आणि ९८ वेळा. मंद्र सुरात कानाला घाई करून चालत नाही. जाड तारेच्या मोकळ्या सुरात आणि तिच्या पहिल्या पडद्यावरच्या सुरात अख्ख्या अर्ध्या स्वराचं अंतर असतं, पण कंपनांचा फरक सेकंदाला अडीचपेक्षाही कमी. गाणाऱ्याला खर्ज लावायला वेळ लागतो तो याच कारणानं. बेस लावताना बाराव्या पडद्यावर तारेला नुसता बोटाचा स्पर्श करून वरचा स्वनित काढावा आणि त्यावर सूर जुळवावा. कान आणि मोबाइलमधला ट्यूनर, दोघांनाही ते सोपं जातं.

आता खुंटी. बेसच्या एकेका तारेवर ढोबळमानानं १८ ते २३ किलोचा ताण असतो, चौघींचा मिळून ८० किलोच्या आसपास. एवढा ताण लाकडी दांडा घर्षणावर पेलणार नाही, म्हणून इथे यंत्र लागतं. चावी फिरवली की तिच्या दांड्यावरचं मळसूत्र फिरतं, ते दातेरी चाकाला ढकलतं आणि चाकाबरोबर तार गुंडाळलेला खांब फिरतो. पुष्कळ खुंट्यांत हे प्रमाण २० ला १ असतं, म्हणजे चावीचे २० फेरे झाले की खांबाचा एक. खांबाचा व्यास साडेबारा मिलिमीटर धरला तर त्याचा घेर सुमारे ४० मिलिमीटर होतो. चावीच्या एका फेऱ्यात तार सुमारे २ मिलिमीटर सरकते.

या रचनेतली खरी खुबी अशी की मळसूत्र चाकाला फिरवू शकतं, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. मळसूत्राचा चढ इतका कमी असतो की उलट दिशेनं जोर आला तर घर्षणच त्याला अडवून धरतं. गाडी उचलायचा स्क्रू जॅक याच तत्त्वावर चालतो. हात सोडला तरी गाडी खाली येत नाही. मग तारेच्या वीस किलोंनी चावी आपोआप मागे कशी फिरेल? दाते शाबूत असतील तर फिरत नाही. म्हणून 'खुंट्या घसरतात' असं कुणी म्हटलं की मी आधी बाकीच्या जागा तपासतो.

त्या संध्याकाळी तेच केलं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, गिटार आडवी ठेवली आणि भाच्याला म्हटलं, "जाड तार हळूहळू चढव." त्यानं चावी फिरवली. पहिल्या पाव फेऱ्यात सूर हललाच नाही, मग एकदम 'टिक्' आवाज झाला आणि सूर उडी मारून वर गेला. हा आवाज खुंटीचा नव्हता. मानेच्या टोकाशी, तारा जिथून डोक्याकडे वळतात तिथे खाचा असलेली पट्टी असते. सतारीत तिला तारगहन म्हणतात, गिटारीत नट. स्वस्त बेसमध्ये ही पट्टी प्लास्टिकची असते आणि तिच्या खाचा पुष्कळदा घाईत कापलेल्या असतात. खाच अरुंद असली की तार तिच्यात अडकून बसते. खुंटीकडचा ताण वाढत जातो, पण तो वाजणाऱ्या भागात पोचत नाही. नंतर वाजवता वाजवता तार खाचेतून थोडी सुटते आणि सूर बदलतो. वाजवणाऱ्याला वाटतं की खुंटी घसरली.

मी बारीक कानशीनं खाच जराशी मोकळी केली. तळाशी हात लावला नाही, फक्त कडा सोडवल्या. तळ खोल गेला तर तार पहिल्या पडद्यावर आपटून खणखणते आणि मग पट्टीच बदलावी लागते. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं. 'टिक्' बंद झालं.

नंतर तारा कशा गुंडाळल्या आहेत ते पाहिलं. दोन तारांचा खांबाला जेमतेम एकच वेढा होता, आणि तो टोक खांबाच्या भोकात न खोचता बाहेरूनच घातलेला. अशी तार ताणाखाली खांबावर सरकत राहणारच. बेसच्या खांबाला वरून खाच असते आणि मधोमध खोल भोक. तार पुढच्या खांबापर्यंत आणि वर आणखी अर्ध्या अंतरापर्यंत मोजायची. तिथे आधी काटकोनात वाकवायची, मग वाकाच्या पलीकडे कापायची. न वाकवता कापली तर काही तारांचं वरचं वेष्टण आतल्या गाभ्यावरून सुटतं आणि तार मुकी होते. टोक भोकात खोचून वेढे वरून खाली घालत यावेत, दोन-तीन पुरेत. वेढे खाली उतरले की नटवर तारेचा दाबही चांगला बसतो.

उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. पोलाद तापलं की पसरतं, लाकूड लांबीच्या दिशेनं त्यापेक्षा पुष्कळ कमी पसरतं. कूलरच्या खोलीत सुरात लावलेला बेस ४२-४३ अंशांच्या मांडवात, वर हॅलोजनच्या उजेडात नेला की तारा सैल होतात आणि सूर उतरतो. त्याला कुठलीही महागडी खुंटी उपाय नाही. अर्धा तास आधी वाद्य मांडवात नेऊन ठेवावं आणि मग लावावं. आणखी एक गोष्ट मी आमच्या भागातल्या प्रत्येकाला सांगतो: वाद्य कूलरच्या झोतात ठेवू नका. कूलरची हवा दमट असते. मान रात्रभर ती ओल शोषते, दुपारी बाहेरच्या कोरड्या उन्हात सोडते आणि या खेळात तिचा बाक बदलत राहतो. तारा कधी उंच वाटतात, कधी खणखणतात.

एवढं करून झाल्यावर तीन तारा सुरात राहिल्या. चौथी, सगळ्यात जाड, राहिली नाही. तिची चावी मी दोन बोटांत धरून पुढे-मागे केली तर फेऱ्याच्या आठव्या भागाएवढी ती नुसतीच फिरत होती, खांब हलत नव्हता. यालाच कारागीर 'प्ले' म्हणतात. थोडा प्ले सगळ्याच खुंट्यांत असतो, म्हणून सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. सूर जास्त चढला तर चांगला खाली उतरवून पुन्हा वर यायचं, म्हणजे दाते एका बाजूनं घट्ट टेकलेले राहतात. पण इथे प्ले फारच होता. चाकाच्या मधला स्क्रू काढून चाक बाहेर घेतलं. पाच-सहा दाते एका बाजूनं झिजून तिरके झाले होते आणि खांबाभोवतीची धातूची कडी, म्हणजे बुश, डोक्याच्या भोकात डुगडुगत होती. ही खुंटी खरोखर गेली होती. भाच्याचं निदान चारात एका खुंटीपुरतं बरोबर निघालं.

एक खुंटी गेली तर एकच घ्यावी की चारही? एकच मिळाली आणि जुन्यांसारखीच असली तर एक पुरेशी आहे. पण सुटी खुंटी सहसा जुळत नाही. चार घ्यायच्याच असतील तर आधी डोक्यातल्या भोकाचा व्यास मोजावा. जुन्या अमेरिकी धाटणीच्या मोठ्या खुंट्यांना साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं, आजच्या बऱ्याच स्वस्त बेसना १४ मिलिमीटरच्या आसपासचं असतं. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान करायला लाकडाची डट्टी भरावी लागते. चारही खुंट्या एका ओळीत आहेत की दोन इकडे दोन तिकडे, तेही कळवावं, कारण डाव्या आणि उजव्या खुंट्या वेगळ्या येतात. पाठीमागच्या स्क्रूंची जुनी भोकं नव्यांशी जुळली नाहीत तर आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल घालून ती बुजवावीत, रात्रभर वाळू द्यावीत आणि मग बारीक ड्रिलनं नवी पाडावीत. भोक न पाडता स्क्रू थेट दाबला तर मॅपलच्या कडक लाकडात त्याचं डोकं तुटतं आणि आतला तुकडा काढता काढता अख्खा दिवस जातो.

वजनाचा मुद्दा लोक शेवटी बघतात. माझ्या मते तो पहिला असायला हवा. बेसची एक साधारण जड खुंटी १०० ग्रॅमच्या आसपास भरते, हलक्या धाटणीची साठ-सत्तर. चार खुंट्यांत दीडशे ग्रॅमच्या आसपास फरक पडतो, आणि तोही वाद्याच्या अगदी टोकाशी. पट्टा खांद्यावर घेतल्यावर ज्या बेसचं डोकं जमिनीकडे झुकतं, तो वाजवणाऱ्याचा डावा हात तीन तास मानेला उचलून धरण्यात खर्च होतो. बोटं वाजवणार कधी? हलक्या खुंट्या टाकल्या की हा त्रास पहिल्या दिवसापासून कमी होतो. जपानच्या गोटोह आणि अमेरिकेच्या हिपशॉट या कंपन्यांनी खास हलक्या खुंट्या काढल्या त्या याचसाठी.

डोक्यावरच्या वजनाचा आवाजाशीही संबंध आहे. बऱ्याच बेसवर पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एक जागा अशी असते, जिथे सूर उमटतो आणि लगेच विझतो. कारण मानेलाही स्वतःचं कंपन असतं. तारेचा सूर त्या कंपनाशी जुळला की मान तारेची ऊर्जा पिऊन टाकते. जर्मनीतल्या हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर यांनी १९९० च्या दशकात मोजमापं घेऊन दाखवलं की तारेची ऊर्जा प्रामुख्यानं मानेच्या बाजूनं गळते, घोडीच्या बाजूनं फार थोडी. डोक्याला लहानसा शिकंजा लावून पाहा, ती मेलेली जागा एखाद्या पडद्यानं सरकते. खुंट्या बदलल्यावर वजन बदलतं, तेव्हाही ती सरकू शकते. नाहीशी मात्र होत नाही.

या संशोधनातून दुसऱ्या टोकाचं, म्हणजे घोडीचं उत्तरही बरंचसं मिळतं. जाड पितळी ब्रिज टाकला की सूर लांबतो, आवाज भरदार होतो असं विकणारे सांगतात. पण जिथून ऊर्जा फारशी गळतच नाही तिथे आणखी जाड भिंत बांधून किती फरक पडणार? गिटारीचं धड आधीच दोन-अडीच किलोचं भरीव लाकूड आहे. दोनशे ग्रॅम पितळेनं त्याच्या वागण्यात फार बदल होत नाही. कान लावून ऐकणाऱ्याला थोडा फरक जाणवू शकेल. ढोल, कीबोर्ड आणि गर्दी यांच्यात तो टिकत नाही.

इथे इतिहास बघण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. उभा डबल बेस नेण्या-आणण्याला अवघड, आवाजाला अपुरा आणि पडदे नसल्यामुळे अचूक सुरासाठी कठीण. फेंडरनं त्याला पडदे दिले, नावही अचूकतेवरूनच ठेवलं. पण त्या पहिल्या बेसच्या घोडीवर चार तारांना मिळून दोनच टेकू होते. प्रत्येक तार स्वतंत्रपणे पुढे-मागे करायची सोय नव्हती. १९५७ मध्ये त्यानं पोलादी पत्र्यावर चार वेगळे टेकू, म्हणजे सॅडल, बसवले. आजच्या जवळजवळ प्रत्येक स्वस्त बेसवर वाकवलेल्या पत्र्याची जी साधी घोडी दिसते ती याच रचनेची नक्कल आहे.

आणि त्याच साध्या पत्र्यावर केवढं संगीत वाजलं! डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन यांनी बेस वाजवला तो १९६२ च्या प्रिसिजनवर, घोडीवरच्या झाकणाखाली स्पंज दाबून. सूर लांबवण्याऐवजी ते तो मुद्दाम आखूड करत होते. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांचा बेस होता. ती गाणी आठवून पाहा. सूर कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, यातच त्या वाजवण्याचा जीव आहे.

मग घोडीचं खरं काम कोणतं? चार टेकू मागे-पुढे आणि खाली-वर करून प्रत्येक तारेची लांबी आणि उंची नेमकी लावणं. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. स्वर चुकला तर वादक पडदाच सरकवतो. बेसचे पडदे मानेत ठोकून बसवलेले, ते सरकत नाहीत, म्हणून तारेचं दुसरं टोक सरकवावं लागतं. नटपासून घोडीपर्यंतचं ठरलेलं अंतर ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. पण बोटानं तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तार ताठ असल्यामुळे तिच्यात हा दोष जास्त. त्याची भरपाई म्हणून टेकू ठरलेल्या अंतरापेक्षा थोडा मागे असावा लागतो, जाड तारेचा सगळ्यात मागे. तपासायची रीत सोपी आहे. बाराव्या पडद्यावर स्पर्शाचा स्वनित वाजवायचा, मग तीच जागा दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर टेकू मागे न्यायचा, उतरता आला तर पुढे. हे नेहमी नव्या तारांवर करावं. जुन्या, मळलेल्या तारा जागोजागी असमान जड होतात आणि खोटं उत्तर देतात.

भाच्याच्या ब्रिजवर चारही टेकू एका ओळीत, सरळ रेषेत उभे होते. कारखान्यातून आला तेव्हापासून त्यांना कुणी हातच लावला नसावा. उंची बदलायचे बारीक स्क्रू गंजले होते, एकाचा षट्कोन एलन कीनं फिरून गोल झाला होता. त्यावर रात्रभर तेलाचा थेंब ठेवला आणि सकाळी तो हळूहळू सुटला. स्टीलच्या आठ नव्या बारीक स्क्रूंचं पाकीट हार्डवेअरच्या दुकानात अगदी थोडक्या पैशांत मिळतं, फक्त जुना नमुना सोबत न्यायचा म्हणजे आटे जुळतात.

घोडी बदलणं योग्य ठरतं अशा वेळा आहेत, त्याही सांगतो. टेकूंचे आटे झिजले आहेत आणि वाजवता वाजवता टेकू खाली बसतो आहे. टेकू आडवे सरकून तारांमधलं अंतर बिघडतं आहे. पत्रा वाकून मागच्या बाजूनं उचलला गेला आहे. किंवा डोकं झुकतं म्हणून मागच्या बाजूला वजन हवं आहे. अशा वेळी नवा ब्रिज घेताना आधी दोन कडेच्या तारांमधलं अंतर मोजावं. शेजारच्या तारांत १९ मिलिमीटर असतील तर ते ५७ येतं, २० असतील तर ६०. स्क्रूंच्या पाच भोकांची मांडणी जुन्याशी ताडून पाहावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाड ब्रिजची तळपट्टीही जाड असते. टेकू पूर्ण खाली आणूनही तारा उंचच राहिल्या, तर मान सोडवून तिच्या तळाशी पातळ चकती घालावी लागते.

ब्रिज काढताना त्याच्याखाली एक बारीक तार दिसते, ती तोडू नका. ती तारांना आणि घोडीला विजेच्या जमिनीशी जोडते. ती सुटली की तारांना हात लावला तरी घरगुती विजेच्या ५० कंपनांची घरघर थांबत नाही, आणि बेसच्या सर्वांत खालच्या दोन तारांच्या सुरांमध्येच ती घरघर बसते. नवा ब्रिज बसवताना त्या तारेचं उघडं टोक पत्र्याखाली नीट पसरून मगच स्क्रू आवळावेत.

याच तारेमुळे मांडवातल्या अर्थिंगकडे लक्ष ठेवणं वादकाच्या जिवाशी निगडित आहे. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात अर्थिंग कच्चं असलं, तर एका हातात तारा आणि ओठांशी माइक असलेल्या माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ शकतो. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्झी इथे गिटारवादक लेस हार्वी मंचावरच असे गेले. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला टेस्टर लावायला सांगण्यात कुणी संकोच करू नये.

शेवटी भाच्यानं काय केलं? हलक्या धाटणीच्या चार खुंट्या मागवल्या, भोकाचा व्यास मोजून, डाव्या-उजव्या बाजू कळवून. ब्रिज तोच ठेवला. घासून पुसला, आठ स्क्रू बदलले, टेकू एकेक करून जागेवर आणले. नटच्या खाचा नीट केल्या, नव्या तारा चढवल्या. पितळी ब्रिजसाठी जमवलेल्या पैशांतून त्यानं चांगली जाड केस घेतली, कारण त्याचा बेस टेम्पोत स्पीकरांच्या मध्ये प्रवास करतो. गणपतीत दहा दिवस वाजवून त्यानं फोन केला, "मामा, आता गाण्यामध्ये लावावा लागत नाही."

तुमच्याकडेही असा बेस असेल तर खरेदीच्या आधी एक संध्याकाळ काढा. चावी बोटांत धरून प्ले पाहा, नटवर 'टिक्' ऐका, खांबावरचे वेढे मोजा, टेकू सरळ ओळीत आहेत का बघा. आणि काढलेले जुने भाग फेकू नका. भाच्याच्या चार जुन्या खुंट्या माझ्याकडे चंद्रपुरात डब्यात आहेत. त्यांतल्या तीन अजून चांगल्या चालतात.